सत्तावीसचे बहात्तर का होतात?

सोलापूरहून पुण्याकडे निघाले की मोहोळ मागे पडल्यावर मोडनिंब लागते. माढा तालुक्यातले हे बाजारपेठेचे गाव. तिथल्या एका प्राथमिक शाळेत छात्राध्यापकांचे सराव पाठ पाहण्यासाठी आम्ही दुसरीच्या वर्गात मागे बसलो होतो. घटक होता संख्यालेखनाचा. टाचण नीट काढलेले होते, तक्ताही सुबक होता. छात्राध्यापिकेने एका मुलीला फळ्यापाशी बोलावले आणि सांगितले, "सत्तावीस लिही."

मुलीने ७ काढला, क्षणभर थांबली आणि त्याच्या उजवीकडे २ काढला. फळ्यावर ७२ उभे राहिले.

"चूक. बस जागेवर," बाई म्हणाल्या. दोन-चार मुले हसली. पुढची वीस मिनिटे त्या मुलीने पाटीवर एकही अंक काढला नाही.

पाठानंतरच्या चर्चेत छात्राध्यापिका म्हणाली, "ती मुलगी गणितात कच्ची आहे." आम्ही विचारले, "हे कशावरून?" अर्थात, चुकलेल्या उत्तरावरून. पण एका चुकलेल्या उत्तरावरून नेमके काय कळते, हाच तर शैक्षणिक मानसशास्त्राचा पहिला प्रश्न आहे.

मधल्या सुट्टीत आम्ही त्या मुलीसमोर दहाच्या काही नोटा आणि रुपयाची नाणी ठेवली. सत्तावीस रुपये मागताच तिने दोन नोटा आणि सात नाणी मोजून दिली. कुठेही अडली नाही. मग विचारले, "फळ्यावर आधी सात का गं काढलास?" ती म्हणाली, "बाई आधी सात म्हणल्या की!"

तिचे म्हणणे अगदी खरे होते.

शब्द एका दिशेने, अंक दुसऱ्या

'सत्तावीस' या शब्दात आधी सात येतो, मग वीस. लिहिताना मात्र आधी २ आणि मग ७. एकवीसपासून अठ्ठ्याण्णवपर्यंत जवळजवळ सर्वत्र ही उलटापालट आहे. त्यात शब्दांची रूपेही बदलतात. 'दोन'चे बावीसमध्ये 'बा' होते, बेचाळीसमध्ये 'बे', ब्याण्णवमध्ये 'ब्या'. 'सत्तर' हा एकाहत्तरमध्ये 'हत्तर' होऊन येतो. एकोणतीस म्हणजे तर एकाने ऊन, म्हणजे कमी, असे तीस. इथे शब्दात तीस ऐकू येतो आणि लिहायचा असतो २. नव्याण्णव पुन्हा या रीतीला अपवाद!

सगळ्या भाषांत असे नसते. सोलापूर जिल्ह्यात कानडी आणि तेलुगू बोलणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. कानडीत २७ म्हणजे 'इप्पत्तेळु'. इप्पत्तु म्हणजे वीस, एळु म्हणजे सात. तेलुगूत 'इरवै एडु', म्हणजे पुन्हा वीस सात. या भाषांत कान आणि हात एकाच दिशेने चालतात. उलट जर्मन भाषेत मराठीसारखेच 'सात आणि वीस' म्हणतात. ऑस्ट्रियातल्या जर्मन बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात संख्यालेखनातल्या चुकांपैकी जवळजवळ निम्म्या चुका अंकांच्या अदलाबदलीशी संबंधित होत्या. चेक भाषेत 'वीस सात' आणि 'सात-वीस' अशा दोन्ही रीती चालतात. तिथे तीच मुले उलट्या रीतीने सांगितलेल्या संख्या लिहिताना अधिक चुकतात, असे आढळले. म्हणजे चुकीचे मूळ नुसते मुलाच्या बुद्धीत नसते, ते भाषेच्या रचनेतही असते.

मनातली छोटी पाटी

पण मोठ्यांना ही अडचण जाणवत का नाही? ऐकलेली गोष्ट वापरून होईपर्यंत धरून ठेवणारी एक तात्पुरती स्मृती आपल्या मनात असते. तिला कार्यस्मृती म्हणतात. ती एखाद्या लहान पाटीसारखी असते. नवे लिहायचे तर जुने पुसावे लागते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली तिची क्षमता सुमारे सात गोष्टींची असल्याचे मांडले. नेल्सन कोवन यांनी २००१ साली हा आकडा चारच्या आसपास आणला. लहान मुलांची ही पाटी मोठ्यांपेक्षाही लहान असते.

'सत्तावीस' ऐकल्यावर त्या मुलीला काय काय करावे लागते पाहा. 'सत्ता' म्हणजे सात हे ओळखायचे, तो मनात धरून ठेवायचा, 'वीस'मधून दोन दशक काढायचे, २ लिहायचा आणि मग धरून ठेवलेला सात शेजारी मांडायचा. मध्येच कोणी हसले, तर त्या हसण्यालाही पाटीवर जागा लागते. आपल्याला सवयीने हे सारे एका झटक्यात जमते. कधी काळी आपणही अडखळलो होतो, हे आपण विसरून गेलेलो असतो. शिकवणाऱ्याची मोठी अडचण हीच असते.

चूक वाचायला शिकणे

१९२० च्या सुमारास जाँ पियाजे हा स्विस तरुण पॅरिसमध्ये, बिने यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगशाळेत, मुलांसाठीच्या तर्कचाचण्यांवर काम करत होता. खरे काम बरोबर उत्तरे मोजण्याचे होते. पण त्याचे लक्ष चुकीच्या उत्तरांकडे गेले. एकाच वयाची मुले एकाच प्रकारे चुकत होती. म्हणजे त्या चुकांमागेही काही विचार होता. तो शोधण्यासाठी पियाजे मुलांशी बोलू लागला, आणि त्यातून मुलांच्या विचारवाढीचा त्याचा पुढचा अभ्यास उभा राहिला. "का गं काढलास?" हा आमचा प्रश्न त्याच वाटेवरचा.

छात्राध्यापिकेने निरीक्षण वहीतला 'कच्ची' हा शब्द खोडला आणि लिहिले, 'दशक-एकक कळतात. ऐकलेल्या क्रमाने लिहिते.' पहिल्या शेऱ्यावरून पुढे काय शिकवायचे ते कळत नाही, दुसऱ्यावरून कळते.

तीन वाटा

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २७ साठी 'वीस सात' असे वाचन आले आणि महाराष्ट्रभर वाद झाला. विधिमंडळातही त्याचे पडसाद उमटले. गणित समितीच्या अध्यक्षा, गणितज्ञ मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांनी बाजू मांडली होती, की जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे मुले अडखळतात; जुने शब्द काढून टाकलेले नाहीत. नॉर्वेत असा बदल थेट संसदेने केला. १९५१ साली 'सात आणि वीस' जाऊन 'वीस सात' अधिकृत झाले, तरी जुनी रीत लोकांच्या तोंडून पुढे कित्येक दशके गेली नाही.

आपल्या जुन्या उजळणीतही एक तोड होती. 'दोनावर सात सत्तावीस' असे म्हणताना अंक लिहिण्याच्या क्रमाने येत आणि नाव शेवटी येई. त्यातून क्रम पक्का होतो, पण २ म्हणजे दोन दशक हे कळत नाही. 'वीस सात'मधून किंमत कळते, पण ते ऐकून काही मुले २०७ लिहितात. आणि 'सत्तावीस' तर यायलाच हवे, कारण बाजारात आणि घरात तेच बोलले जाते. तेव्हा तिन्ही रीती एकमेकींच्या मदतीला घ्याव्यात, हे उत्तम.

वर्गात करून पाहा

दहा संख्या सांगून मुलांना लिहायला लावा. तेहेतीस, चव्वेचाळीस अशा एकाच अंकाच्या संख्या टाळा. त्या उलट्या लिहिल्या तरी कळत नाही. गुण देऊ नका, चुकांचे गट करा.

२७ चे ७२ झाले, तर तुराट्यांच्या तुकड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधून घ्या. आधी जुड्या मांडायच्या, मग सुटे, आणि त्याच क्रमाने लिहायचे.

२७ चे २०७ झाले, तर २० चे कार्ड घ्या आणि त्यातल्या शून्यावर ७ चे कार्ड ठेवून दाखवा.

२९ चे ३१ किंवा ३९ झाले, तर 'एकोण' म्हणजे एक कमी हे तीस मण्यांतून एक काढून दाखवा.

सदुसष्ट आणि सत्त्याहत्तर यांत गोंधळ झाला, तर अडचण गणिताची नसून शब्दाची आहे. तिथे संख्यानामांचे वाचन वाढवा.

उत्तराबरोबर मुलांचा हातही पाहा. काही मुले डावीकडे जागा सोडून आधी ७ लिहितात आणि मग मागे येऊन २ भरतात. उत्तर बरोबर येते, अडचण मात्र झाकली जाते आणि मोबाइलवर आकडा दाबताना उघडी पडते.

तुमच्या वर्गात यापेक्षा वेगळी चूक सापडली, तर ती आम्हाला जरूर कळवा. मात्र त्याआधी त्या मुलाला 'का?' असे विचारा आणि त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.