ऑक्टोबरचा बर्फ किती उंचीवर?

मुंबईतल्या माहूलमध्ये ऑक्टोबर म्हणजे घामाच्या धारा. खाडीवरून येणारा दमट वारा, रिफायनरीच्या चिमणीवरची ज्योत आणि दोरीवर दिवसभर ओलाच राहणारा शर्ट. अशा दिवसांत कुणी सॅकमध्ये लोकरी टोपी आणि हातमोजे कोंबताना दिसला, तर शेजारी हसणारच. पण दिवाळीच्या सुट्टीत हिमालयात निघालेल्या ट्रेकरला नेमकं याच महिन्यातलं बर्फ-हवामान चकवतं.

हिमालयातला हा बर्फ बहुतेकदा पश्चिमी झंझावात आणतात. त्यांची सुरुवात भूमध्य समुद्राकडे होते, पण बाष्प ते वाटेत अरबी समुद्रातूनही उचलतात. म्हणजे माहूलकरांना घाम फोडणारा समुद्रच कधी कधी खिंडीत हिमवर्षावाला हातभार लावतो.

जानेवारीत ‘बर्फ पडणार’ एवढं सांगितलं तरी भागतं. ऑक्टोबरात खरा प्रश्न असतो, किती उंचीवर? हजार मीटर वर चढलं की तापमान सरासरी ६.५ अंशांनी उतरतं. शून्य अंशाची रेषा ४००० मीटरवर धरली आणि अंदाज दोन अंशांनी चुकला, तर ती ३०० मीटर इकडे-तिकडे होते. दोन अंशांचा फरक मुंबईत कुणाला जाणवतही नाही. हिमालयात मात्र तंबूवर पाऊस की बर्फ, हे त्यावर ठरतं.

त्यात आणखी एक खोडी आहे. वरून येणारे हिमकण वितळताना लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतूनच घेतात. पाऊस जोराचा आणि दरी अरुंद असेल तर हवा झपाट्याने गार होते, बर्फाची रेषा खाली घसरते. रात्री पावसाच्या आवाजात झोपलेली मंडळी पहाटे तंबूवरचा बर्फ झटकत बसतात.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत विकसित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५पासून ६ किलोमीटरच्या चौकटींत अंदाज देते. आधीची चौकट १२ किलोमीटरची होती. सुधारणा मोठीच. तरी हिमालयात ६ किलोमीटरांत दरी, खिंड आणि शिखर तिन्ही मावतात, आणि संगणक त्यांना एकाच सरासरी उंचीवर बसवतो. रडारची गत वेगळी. मुंबईत वेरावलीचं आणि तिकडे लेहचं, अशा दोन्ही डॉप्लर रडारचं उद्घाटन १४ जानेवारी २०२२ला एकाच दिवशी झालं. पण डोंगराआड काय चाललंय, ते रडारला दिसत नाही.

कधी बर्फ भलत्याच दिशेनेही येतो. १२ ऑक्टोबर २०१४ला ‘हुदहुद’ चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. त्याचे अवशेष दोनच दिवसांत नेपाळात पोहोचले आणि ५४१६ मीटरवरच्या थोरोंग ला खिंडीच्या परिसरात ट्रेकर हिमवादळात सापडले. चाळीसहून अधिक माणसं गेली. वादळाची बातमी जगभर होती. खिंड चढणाऱ्या अनेकांपर्यंत इशारा पोहोचलाच नव्हता.

तेव्हा मोबाइलची रेंज सुटण्याआधी अंदाज पुन्हा एकदा पाहा, आणि बंगालच्या उपसागराकडेही नजर टाका. शेवटच्या मुक्कामी पाऊस लागला आणि पारा तीन-चार अंशांवर आला, तर पहाटे खिंड गाठायचा बेत त्याच रात्री गाइडशी बोलून पुढे ढकला.