रात्री दोनचा क्रॉन

लिनक्सच्या सर्व्हरवर रात्री दोनला बॅकअप होतो, जुने लॉग गुंडाळले जातात, सर्टिफिकेटं नवी होतात. ही कामं वर्षानुवर्षं क्रॉनकडे आहेत. १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो होताच; आज अनेक लिनक्सांवर चालतो तो पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनचा वंशज. दर मिनिटाला उठायचं, क्रॉनटॅबच्या ओळी पाहायच्या, वेळ जुळली की आज्ञा चालवायची आणि पुन्हा डोळे मिटायचे. आज्ञा फसली तरी हा ढिम्म.

रूटचे अधिकार लागणारी कामं इथेच दगा देतात. माझी एक स्क्रिप्ट सुडो वापरून सर्व्हिस थांबवायची, डेटा कॉपी करायची, सर्व्हिस पुन्हा सुरू करायची. दुपारी हाताने तीनदा चालवली, तिन्हीदा चालली. सकाळी पाहतो तर बॅकअपचा पत्ता नाही. आज्ञेचं आउटपुट क्रॉन मेलने पाठवतो, पण त्या मशीनवर मेलची सोयच नव्हती. सिस्लॉगमध्ये एवढंच: 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट'. आउटपुट आणि एरर दोन्ही फाइलीत वळवले, तेव्हा उलगडा झाला. सुडोला पासवर्ड हवा होता, आणि तो विचारायला टर्मिनलच नव्हतं. दुपारी त्याने विचारला नाही, कारण एकदा दिलेला पासवर्ड तो काही मिनिटं चालवून घेतो. माझी चाचणीच फसवी होती.

अशा वेळी कुणीतरी हमखास सुचवतं: सुडोअर्समध्ये 'नोपासवर्ड: ऑल' टाक. टाकू नये, ती घराची किल्ली उंबऱ्यावर ठेवणं झालं. काम रूटचंच असेल तर ते रूटच्या क्रॉनटॅबमध्ये ठेवावं आणि स्क्रिप्टमधला सुडो काढून टाकावा. मात्र ती स्क्रिप्ट रूटशिवाय कुणाला बदलता येता कामा नये, नाहीतर जो ती बदलेल तोच रूट.

एक गंमत इथेही आहे. ईटीसीमधल्या सामाईक क्रॉनटॅबमध्ये वेळेच्या पाच रकान्यांनंतर युजरचं नाव लिहितात. रूटच्या स्वतःच्या क्रॉनटॅबमध्ये तो सहावा रकाना नसतो. तिकडची ओळ इकडे चिकटवली की क्रॉन 'रूट' नावाची आज्ञा शोधत बसतो. आज्ञेत तारखेसाठी टक्क्याचं चिन्ह आलं तर तिथेच ओळ तुटते. त्याआधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते.

दुसऱ्या रात्री माझी स्क्रिप्ट 'कमांड नॉट फाउंड' म्हणून थांबली. अधिकार रूटचे होते, पण पाथमध्ये दोनच डिरेक्टरी, यूएसआर-बिन आणि बिन. हवी ती आज्ञा एसबिनमध्ये. पूर्ण पत्ता लिहिला आणि काम झालं.

तेव्हापासून नव्या मशीनवर मी आधी एक मिनिटभराचं काम लावतो: 'एन्व्ह' चालव आणि निघेल ते फाइलीत लिही. फाइलीत पाच-सहा ओळी येतात. माझ्या टर्मिनलवर तीच आज्ञा दिली की पडदा भरून वर सरकतो.