फवारणीच्या विमानाचे इंजिन बंद पडल्यास

पिकांवर औषध फवारणारे विमान प्रवासी विमानाप्रमाणे उंचावरून जात नाही. औषध नेमके पिकावर पडावे म्हणून ते पिकाच्या शेंड्यांपासून दोन-चार मीटर उंचीवरूनच उडविले जाते. भारतात या कामासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ‘बसंत’ हे विमान बनविले. त्याच्या सुधारित नमुन्याचे पहिले उड्डाण १९७२ मध्ये झाले. असे विमान बहुधा एकाच इंजिनाचे असते. ते इंजिन थांबले की वैमानिकाच्या हाती थोडे सेकंदच उरतात. म्हणून विमान कोठे उतरवावयाचे, हे उड्डाणापूर्वीच ठरलेले असावे लागते.

इंजिन बंद पडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे इंधनातील पाणी व कचरा. अर्धवट भरलेल्या पिंपात रात्रीच्या गारव्याने दव साचते. झाकण सैल असल्यास पावसाचे पाणीही शिरते. पाणी इंधनाहून जड असल्याने तळाशी बसते. म्हणून इंधन गाळून भरावे व उड्डाणापूर्वी टाकीच्या तळातील थोडे इंधन काढून पाहावे, असा दंडक आहे. पिंपे सावलीत, आडवी व घट्ट बंद ठेवणे हे जमिनीवरील माणसांचे काम आहे.

इंजिन थांबताच वैमानिक असलेल्या वेगाच्या बळावर विमान किंचित वर घेतो, टाकीतील औषध एकदम सोडून देऊन वजन कमी करतो आणि शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर, समोरच्याच मोकळ्या जागेत उतरतो. एवढ्या कमी उंचीवरून मागे वळण्याचा प्रयत्न केल्यास विमान कोसळण्याचा धोका असतो. नांदेड व लातूर येथे विमानतळ आहेत. पण शेतावर इंजिन थांबलेल्या विमानास ते गाठता येत नाहीत. जवळचे शेत हाच त्याचा विमानतळ होय.

या दोन्ही जिल्ह्यांतील काळी जमीन पावसाळ्यात चिखल होते. तीत चाके रुतून विमान पालथे होऊ शकते. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते. बांध, उघड्या विहिरी व विजेच्या तारा यांचा धोका बारमाही असतो. तारा तर वरून सहजी दिसतही नाहीत. यास्तव फवारणीपूर्वी गावपातळीवरील कार्यकर्त्याने शिवाराचा साधा नकाशा काढून त्यात तारा, विहिरी व झाडे दाखवावीत. गायरान किंवा कठीण पडीक जमिनीचा सपाट पट्टा असल्यास तोही दाखवून नकाशा वैमानिकास द्यावा. फवारणीच्या वेळी माणसे व गुरे शेतापासून दूर ठेवावीत.

विमान शेतात उतरलेच, तर गर्दी करू नये व जवळपास विडी-काडी पेटवू नये. वैमानिकास बाहेर काढून ११२ किंवा १०८ या क्रमांकावर कळवावे. त्याच्या अंगावर औषध सांडले असल्यास कपडे उतरवून अंग साबण-पाण्याने धुवावे. मदत करणाऱ्यानेही हातमोजे घालावेत. औषधाच्या डब्यावरील चिठ्ठी डॉक्टरांस दाखवावी. जीव वाचविणे व आग विझविणे याखेरीज विमानाचे भाग हलवू नयेत, कारण त्यांवरूनच चौकशीत कारण उमगते.

आता फवारणीसाठी ड्रोनचा वापर वाढत आहे. त्यात वैमानिक बसत नसला तरी धोका संपत नाही. पंख असलेले विमान इंजिनावाचून काही अंतर तरंगत जाते; ड्रोनला तसे तरंगता येत नाही. चार पंख्यांपैकी एक बंद पडला तरी तो बहुधा जागीच कोसळतो. म्हणून त्याच्याखाली कोणी उभे राहू नये. पडलेल्या ड्रोनची बॅटरी काही वेळाने पेटू शकते. ती घरात वा गोठ्यात ठेवू नये.

यंत्र केव्हा थांबेल, हे सांगता येत नाही. ते थांबल्यास काय करावयाचे, एवढे मात्र गावाला आधीच ठरविता येते.