परसातली आगगाडी

आगगाडी म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे स्टेशन, फलाट आणि गर्दी उभी राहते. पण घरामागच्या बागेत, फुलझाडांच्या वाफ्यांमधून स्वतःची आगगाडी चालवणारी माणसेही जगात आहेत. इंग्लंड आणि जर्मनीत हा छंद मोठा आहे. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या लेमान कारखान्याने १९६८ साली पावसापाण्यात टिकणारी, ४५ मिलिमीटर रुळांची विजेवरची गाडी बाजारात आणली आणि बागेतल्या रेल्वेला पुन्हा बहर आला.

पण खरी मौज आहे ती वाफेच्या इंजिनात. इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या राउंडहाउस कारखान्याने आपल्या दार्जिलिंगच्या 'बी' जातीच्या इंजिनाची प्रतिकृती केली आहे. १८८९ पासून हिमालय चढणारे हे इंजिन. घसरू नये म्हणून त्याच्या पुढे बसून माणसे रुळांवर वाळू टाकत आली. त्या इंजिनाचे रूळ दोन फुटांचे, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीएवढेच. प्रतिकृतीत ते ३२ मिलिमीटर होतात. सगळे माप एकोणिसाव्या हिश्शाचे, इंजिन जेमतेम दीड वीत लांब.

तुम्ही म्हणाल, मग हे खेळणेच की! तसे नाही. याच्या पोटात तांब्याचा खरा बॉयलर आहे. आधी सगळ्या सांध्यांना तेलाचा थेंब द्यायचा. मग बॉयलरमध्ये मोजून पाणी, वंगणाच्या डबीत वाफेच्या इंजिनाचे जाड तेल आणि शेवटी टाकीत गॅस भरायचा. गॅस भरताना जवळ विस्तव नको, विडीसुद्धा नको. धुराड्याच्या तोंडाशी ज्योत धरली की 'भप्' आवाज होऊन आग आत बर्नरवर जाते. थोड्याच वेळात दाबाचा काटा हलतो. चौरस इंचाला ४० पौंडांच्या आसपास दाब झाला की सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसू लागतो. मोटारसायकलच्या मागच्या चाकात साधारण तेवढाच दाब असतो.

वंगणाची ती डबी तर पाहण्यासारखी. तिच्यात पंप नाही की चाक नाही. थोडी वाफ डबीत शिरते आणि थंड होऊन तिचे पाणी होते. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते आणि तेवढेच तेल वर उचलून वाफेच्या नळीत ढकलते. ते तेल वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जाते. गाडी थांबली की डबीतले पाणी काढून पुन्हा तेल भरायचे.

पाण्याचे पथ्य कडक आहे. विहिरीच्या जड पाण्याने चहाच्या किटलीत पांढरा थर बसतो, तो तुम्ही पाहिला असेल. तसा थर बॉयलरमध्ये बसला तर इंजिनाचे आयुष्य घटते. म्हणून जाणकार पावसाचे स्वच्छ, गाळलेले पाणी वापरतात. बॉयलर कोरडा पडू देणे हा तर मोठाच गुन्हा. चांगल्या बनावटीत गॅसची टाकी मुद्दाम लहान ठेवतात, म्हणजे पाणी संपण्याआधी आग विझते.

आता रूळ. शेताचे बांध घालणाऱ्याला हे लगेच कळेल. चर खणायचा, खडी भरायची, पाण्याला वाट ठेवायची आणि पाणसळीने पातळी पाहायची. उतार असला तर चढावर इंजिन दमते आणि उतारावर हातातून निसटते. उन्हाने रूळ वाढतात, म्हणून सांध्यात फट ठेवावी लागते. बोटाच्या पेराएवढा खडा या गाडीला मोठ्या धोंड्यासारखा. म्हणून गाडी सोडण्याआधी खराटा फिरवायचा. मोठी गाडी ताशी १५ किलोमीटरने जाते असे धरले, तर ही सेकंदाला एक वीतभर जायला हवी. एवढी संथ चाल साधणे हेच चालकाचे कसब.

कारण माप लहान झाले तरी आग, पाणी आणि वाफ लहान होत नाहीत. लांबी एकोणीस पटींनी घटली की वजन ६,८५९ पटींनी घटते. लहान भांडे लवकर निवते, तसा हा बॉयलरही. थंड सिलिंडरमध्ये वाफेचे पाणी होते आणि पहिल्या फेरीत धुराड्यातून गरम पाणी उडते. नवखा घाबरतो. जाणता इंजिन हळूहळू मागेपुढे करून आधी ते पाणी काढून टाकतो.

असे इंजिन एका दुभत्या म्हशीपेक्षाही महाग पडते. म्हणून काही जण ते काचेच्या कपाटात ठेवतात. पण चालवलेल्या इंजिनाचा रंग थोडा करपला तरी त्याची चाके मोकळी राहतात, आणि घरातल्या मुलांना वाफ म्हणजे काय ते हाताने कळते.

शेवटी एक आपल्या घरची गोष्ट. अशी प्रतिकृती करायची तर जुने नकाशे, मापे आणि छायाचित्रे लागतात. कोणता खिळा कुठे होता हे त्यावरूनच कळते. दार्जिलिंगच्या इंजिनाची ही माहिती जपली गेली. आपली बार्शी लाईट १८९७ साली सुरू झाली, रूळ अडीच फुटांचे. आता तिथे ब्रॉडगेज आहे. त्या गाडीवर काम केलेले एखादे आजोबा तुमच्या गावात असतील, एखाद्या ट्रंकेत जुना फोटो असेल. तो उजेडात आणा, मागे गाव, साल आणि माणसांची नावे लिहा. आजोबांजवळ बसून त्यांना विचारा. उद्या एखाद्या पोराला ते इंजिन परसात चालवावेसे वाटले, तर त्याला माप कुठून मिळणार?