पॅप टेस्ट म्हणजे तुकडा काढणं नव्हे

‘पिशवीच्या तोंडाचा तुकडा काढतात’ या भीतीनं कित्येक बायका पॅप टेस्ट टाळतात. तुकडा काढतात तो बायोप्सीत, आणि तीही शंका आली तरच. पॅप टेस्टमध्ये गर्भाशयमुखावरच्या पेशी नुसत्या हलकेच खरवडून घेतात. नंतर एखाद दिवस थोडा रक्ताचा डाग दिसला तर घाबरायचं कारण नाही.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: साधन कुठलंही चालतं. कॅनडाच्या डॉ. अर्नेस्ट एअर यांनी १९४७ मध्ये लाकडी स्पॅट्युला आणला, तो जगभर वापरला गेला. पण कॅन्सरच्या आधीचे बदल बहुतेकदा सुरू होतात ते गर्भाशयमुखाचं बाहेरचं आणि आतलं अस्तर जिथे मिळतं त्या पट्ट्यात. पाळी गेल्यावर हा पट्टा आत सरकतो आणि एअर स्पॅट्युलाचं आखूड टोक तिथवर पोचत नाही. लांब टोकाचा स्पॅट्युला, किंवा स्पॅट्युलाच्या जोडीला बारीक ब्रश, आतल्या पेशी अधिक खात्रीनं आणतो, हे तुलनात्मक अभ्यासांत स्पष्ट झालं आहे.

ब्रिटनमध्ये जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात बहुधा नर्सच सँपल घेते. तिच्या हातातला ब्रश छोट्या केरसुणीसारखा असतो. मधले लांब तंतू मुखाच्या आत जातात, कडेचे आखूड तंतू बाहेर टेकतात. घड्याळाच्या दिशेनं पाच पूर्ण फेरे द्यायचे, दिशा बदलायची नाही. मग ब्रश द्रवाच्या बाटलीत तळाशी दाबून धुतात, नाहीतर त्याचं डोकंच बाटलीत सोडतात. पूर्वी काचपट्टीवर फासताना कितीतरी पेशी साधनालाच चिकटून कचऱ्यात जायच्या. माझ्या मते खरी सुधारणा इथेच झाली.

‘आतल्या पेशी दिसल्या नाहीत’ असा शेरा आला म्हणजे तपासणी वाया गेली, असंही नाही. पुरेशा पेशी असतील तर रिपोर्ट ग्राह्य धरतात.

एचपीव्ही टेस्टमध्ये तर पेशींचं रूप नव्हे, या कॅन्सरला कारणीभूत ठरणारा एचपीव्ही विषाणू शोधतात. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १,३१,७४६ महिलांवर झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या या टेस्टनंतर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. या टेस्टसाठी योनीतला स्वॅब बाईला स्वतःही घेता येतो. पॉझिटिव्ह आला तर मात्र दवाखान्यात जाऊन गर्भाशयमुख तपासून घ्यावंच लागतं.