अभियंत्यांचे स्थानिक केंद्र चालते कशावर?

दर वर्षी १५ सप्टेंबरला आपल्याकडे अभियंता दिन साजरा होतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा हा जन्मदिवस. १८६१ मध्ये आजच्या कर्नाटकात जन्मलेले विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले, मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडणारी दारे बसवली. या दिवशी ठिकठिकाणी त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो, एखाद्या ज्येष्ठ अभियंत्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. सर्वसामान्य माणसाची अभियंत्यांच्या संस्थेशी ओळख बहुधा एवढीच असते. वर्षाचे उरलेले दिवस ही संस्था काय करते आणि त्याच्याशी आपला काय संबंध, याविषयी आज थोडे बोलू.

आपल्या देशात अभियंत्यांची जुनी आणि मोठी संस्था म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया). तिची नोंदणी १९२० मध्ये झाली, १९३५ मध्ये तिला राजसनद मिळाली. मुख्यालय कोलकात्यात, गोखले रोडवर. स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत अशा साऱ्या शाखांचे अभियंते तिचे सभासद होतात. राज्य पातळीवर राज्य केंद्र आणि शहरोशहरी स्थानिक केंद्रे अशी तिची रचना आहे. महाराष्ट्राचे राज्य केंद्र मुंबईत आहे. पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत स्थानिक केंद्रे आहेत. शिवाय एकेका विषयाला वाहिलेल्या संस्था निराळ्या. विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रातली ‘आय ट्रिपल ई’ ही १९६३ मध्ये दोन अमेरिकन संस्थांच्या विलीनीकरणातून झालेली संस्था. तिच्यात बारा सभासदांनी अर्ज केला तर एखाद्या विषयाचे ‘चॅप्टर’ सुरू करता येते आणि वर्षातून किमान दोन सभा घेतल्या की ते चालू आहे असे मानले जाते. हा झाला कागदावर जिवंत राहण्याचा नियम. खरोखर जिवंत राहण्यासाठी काय लागते, हा प्रश्न वेगळा आहे.

त्याचे उत्तर शोधायला जरा मागे जावे लागेल. २ जानेवारी १८१८ रोजी लंडनमधल्या एका कॉफी हाऊसमध्ये काही तरुण अभियंते जमले. त्या काळी हे शास्त्र शिकवणारी महाविद्यालये तिथे जवळजवळ नव्हतीच. उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करायची आणि जे दिसेल ते उचलायचे, अशी रीत. या तरुणांनी ठरवले, की ठरावीक दिवशी जमायचे आणि ज्याला कामावर जे कळले ते त्याने इतरांना सांगायचे. दोन वर्षांनी रस्ते आणि पूल बांधणारे नामवंत अभियंते थॉमस टेलफर्ड त्यांचे पहिले अध्यक्ष झाले. इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स ती हीच. इमारत, घटना, राजसनद हे सारे नंतर आले. आधी आली ती एकमेकांना सांगण्याची सवय. माझ्या मते स्थानिक केंद्राचा जीव आजही या सवयीतच आहे.

याची गरज आजही का आहे, ते एका साध्या उदाहरणाने पाहू. दख्खनच्या मोठ्या भागात काळी माती आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. तिच्यावर उथळ पायाचे घर बांधले, की दोन-तीन वर्षांत भिंतींना तडे जातात. यावर उपाय आहेत: काळी माती काढून मुरूम भरणे, पाया कठीण थरापर्यंत नेणे, किंवा खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत घेणे. हे पुस्तकात आहे. पण आपल्या गावात काळ्या मातीचा थर कुठे चार फूट आहे आणि कुठे पंधरा फूट, कोणत्या ओढ्याकाठी भराव टाकून प्लॉट पाडले आहेत, हे पुस्तकात नाही. ते तिथे तीस वर्षे काम केलेल्या माणसाच्या डोक्यात असते. तो निवृत्त होतो, मुलाकडे राहायला जातो आणि ते ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. पुढचा अभियंता तेच पुन्हा शिकतो, पण ते एखाद्या कुटुंबाच्या आयुष्याच्या कमाईवर. स्थानिक केंद्राने अशा माणसाला एका संध्याकाळी बोलते केले आणि त्याचे बोलणे टिपून ठेवले, तर पुढच्या कितीतरी भिंती वाचतात.

उलट दिशेचीही वाट इथूनच जाते. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला भूकंप झाला, तोपर्यंत दख्खनचे पठार स्थिर आहे असाच बहुतेकांचा समज होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने तो समज पुरता मोडला. २००२ मध्ये भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा लातूरचा हा परिसर वरच्या धोक्याच्या विभागात घातला गेला. मानक दिल्लीत छापले जाते, पण सळ्यांची कडी किती अंतरावर बांधायची हे तालुक्याच्या गावी ठरते. नवे मानक आले, की त्यात काय बदलले, आपल्या जिल्ह्याला काय लागू झाले, हे मराठीत समजावून सांगणारी दोन तासांची सभा फार मोलाची असते.

आपल्याकडे या गोष्टीला आणखी एक कारण आहे. वकिलांसाठी १९६१ चा, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा केंद्रीय कायदा आहे. त्यांची नोंदणी आणि शिस्त त्या कायद्याने चालते. अभियंत्यांसाठी देशभर लागू होईल असा कायदा मात्र वर्षानुवर्षे चर्चेत आणि मसुद्यांत राहिला. महापालिका आपापल्या हद्दीत परवाने देतात तेवढेच. कायद्याची चौकट अपुरी असते तेव्हा व्यवसायातली चाड टिकवण्याचे काम समव्यावसायिकांच्या नजरेवर येऊन पडते, आणि ही नजर जिथे रोजच्या ओळखीची होते ती जागा म्हणजे स्थानिक केंद्र.

आता प्रत्यक्ष चालवण्याकडे येऊ. पहिला नियम तारखेचा. दुसरा शनिवार, संध्याकाळी सहा, असे एकदा ठरले, की वक्ता मोठा असो वा लहान, सभा त्या दिवशी व्हायलाच हवी. मोठा वक्ता मिळेपर्यंत थांबू म्हणणारी केंद्रे सहा-सहा महिने थांबतात आणि मग लोक वाट विसरतात. वक्ता ऐन वेळी आला नाही, तर चिटणीसाजवळ एखाद्या सभासदाचा तयार विषय हवा. गावातल्या पाण्याच्या टाकीची गळती कशी बंद केली, एवढा विषयही पुरतो. भाषण पाऊण तास, प्रश्न अर्धा तास, मग चहा. चहाची वेळ कमी करू नये. जे प्रश्न सभागृहात विचारायला संकोच वाटतो, ते कपबशी हातात आल्यावर विचारले जातात.

दुसरा नियम कागदाचा. इतिवृत्त म्हणजे केवळ ‘अमुक यांनी आभार मानले’ अशी नोंद नव्हे. विषय काय होता, मुद्दे कोणते निघाले, कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, हे दोन पानांत आले पाहिजे. दहा वर्षांची अशी इतिवृत्ते म्हणजे त्या जिल्ह्याच्या बांधकामाची रोजनिशीच असते.

तिसरा नियम पैशाचा. वर्गणी थोडी असते. सभागृह, वीज, टपाल, चहापाणी यांत ती संपते. मग सिमेंटची किंवा पोलादाची एखादी कंपनी जेवणाचा खर्च उचलायला तयार होते. तो घेण्यात गैर काही नाही, पण जेवण त्यांचे, वक्ता त्यांचा आणि विषयही त्यांच्याच मालाचा असे झाले, की सभेची जाहिरात होते. चांगली केंद्रे इथे साधी रेघ आखतात: पुरस्कर्त्याचे नाव फलकावर, विषय मात्र कार्यकारिणीचा. हिशेब दर वर्षी तपासून सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचा, मग तो कितीही लहान असो.

चौथा आणि सर्वांत अवघड नियम म्हणजे फसलेल्या कामांविषयी बोलण्याचा. यशाची चित्रफीत दाखवायला प्रत्येक जण तयार असतो. पण शिकायचे असते ते गळालेल्या स्लॅबकडून, खचलेल्या भरावाकडून. आपल्याकडे ते बोलले जात नाही, आणि त्यामागे खरी कारणे आहेत. सरकारी अभियंत्याला खात्याच्या चौकशीची धास्ती असते, सल्लागाराला पुढचे काम जाण्याची. एकाच टेबलाशी ठेकेदार आणि त्याचे बिल मंजूर करणारा अधिकारी बसलेले असतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. अशा घटनेनंतर चौकशी होते, अहवाल येतात. पण एखाद्या पुलाच्या खांबाखालची माती पाण्याने खरवडली जाताना आधी कुणी पाहिली असेल, तर ते सांगायला सुरक्षित जागा कोणती, हा प्रश्न शिल्लक राहतो.

ब्रिटनमध्ये तिथल्या अभियंता संस्थांनी २००५ पासून यासाठी एक व्यवस्था उभी केली. इमारतींतील आणि पुलांतील धोके, चुका, थोडक्यात टळलेले अपघात यांची माहिती गोपनीयपणे कळवायची; नाव-गाव काढून टाकून तज्ज्ञ तिच्यावर टिप्पणी लिहितात आणि ती सर्वांसाठी प्रसिद्ध होते. दोष कुणाचा हे ठरवणे हा तिचा हेतू नाही. तीच चूक दुसरीकडे होऊ नये, एवढाच आहे. आपले स्थानिक केंद्र एवढी मोठी यंत्रणा उभारू शकणार नाही. पण वर्षातून दोन सभा ‘फसलेली कामे’ या विषयाला देणे आणि तिथे ठेकेदाराचे, खात्याचे, गावाचे नाव न घेण्याचा संकेत पाळणे त्याला नक्की जमेल. मात्र एक मर्यादा स्पष्ट हवी. आज लोक वापरत असलेल्या बांधकामाला धोका आहे असे कळले, तर गोपनीयतेचा संकेत तिथे संपतो. ते संबंधित अधिकाऱ्याला लेखी कळवलेच पाहिजे.

शेवटचा मुद्दा माणसांचा. पूर्वी तरुण मंडळी केंद्रात आपोआप यायची. पदविका घेऊन नोकरीला लागलेला ओव्हरसिअर रात्री अभ्यास करून एएमआयई ही परीक्षा देई आणि पदवीधरांच्या बरोबरीला पोचे. केंद्राचे ग्रंथालय हा त्याचा आधार होता. ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांना पदवीची ही समकक्षता सरकारने थांबवली, आणि तरुणांना आत आणणारी एक मोठी वाट अरुंद झाली. आता त्यांना बोलवावे लागते, आणि खुर्च्या मांडायला बोलावून ते टिकत नाहीत. धरणाच्या दारांची पाहणी, काँक्रीटचे मिश्रण होते तो प्रकल्प, जलशुद्धीकरण केंद्र अशा भेटी आखाव्यात आणि भेटीचा वृत्तांत पुढच्या सभेत सर्वांत लहान सभासदाने द्यावा. चिटणिसाने दोन-तीन वर्षांनी पद सोडावे, आणि सोडताना वक्त्यांची यादी, किल्ल्या, बँकेची कागदपत्रे, सभासदांचे पत्ते एका वहीत लिहून पुढच्याच्या हाती द्यावे. एकाच कर्त्या माणसाच्या खांद्यावर उभे असलेले केंद्र त्याच्या बदलीबरोबर बंद पडते.

आपल्यापैकी बहुतेक जण अभियंते नाहीत. तरीही घर बांधायला काढताना आपण सिमेंटचा भाव विचारतो, फरशीचा रंग निवडतो. त्याच वेळी आपल्या अभियंत्याला आणखी एक गोष्ट विचारायला हरकत नाही: तुमच्या मंडळींची सभा होते का, आणि आपल्या गावच्या मातीबद्दल तिथे काय बोलणे झाले? असे चार लोकांनी विचारले, तर पुढच्या दुसऱ्या शनिवारी सभागृहात चार खुर्च्या अधिक भरतील.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)