तिकिटे वळतात तेव्हा...

टपाल तिकिटे जमवणाऱ्या माणसाला पावसाळ्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘‘आमची तिकिटं वळायला लागली आहेत हो, काय करायचं?’’ मी कोपरखैरण्यात राहतो, त्यामुळे हा प्रश्न मला जरा जास्तच ऐकावा लागतो. आमच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. मिठाच्या बरणीत पाणी सुटते, पापड मऊ पडतात, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते. अशा हवेत टपाल तिकीट सरळ कसे राहणार?

या प्रश्नाचे माझे उत्तर थोडक्यात असे, की तिकीट वळणे हा रोग नाही, ती हवेची तक्रार आहे. तेव्हा इलाज तिकिटावर करू नका, हवेवर करा. ऐकायला सोपे वाटते, पण घाई केली तर नेमके येथेच नुकसान होते. म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

आधी तिकीट वळते का, ते पाहू. कोरे तिकीट म्हणजे एकाला एक चिकटलेले दोन थर. पुढे कागद, मागे डिंक. कागद वनस्पतीच्या तंतूंचा बनतो. तंतूने ओलावा घेतला की तो लांबीला फारसा वाढत नाही, पण जाडीला फुगतो. यंत्रावर कागद तयार होताना बहुतेक तंतू एकाच दिशेला लागतात. त्यामुळे दमट हवेत कागद एका दिशेला जास्त पसरतो आणि दुसऱ्या दिशेला कमी. डिंकही हवेतला ओलावा ओढून घेतो, पण त्याचे फुगण्याचे आणि आकसण्याचे प्रमाण कागदापेक्षा वेगळे. एक थर जास्त ताणला गेला आणि दुसरा कमी, की दोघांना मिळून वाकण्यावाचून गत्यंतर नसते.

हवा कोरडी असली तर डिंक कागदापेक्षा जास्त आकसतो आणि तिकीट डिंकाच्या बाजूला वळते, म्हणजे डिंक सुरळीच्या आत जातो. हवा दमट असली तर डिंक फुगतो आणि तिकीट उलट, चित्राच्या बाजूला वळते. सुरळी कोणत्या बाजूची आहे एवढे पाहिले, तरी तिकिटाला काय झाले आहे ते निम्मे कळते.

याचे प्रात्यक्षिक मला घरबसल्या मिळाले. नागपूरच्या एका नातेवाइकांनी एकदा मे महिन्यात थोडी कोरी तिकिटे पाठवली. तिकडे मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता २०-२५ टक्क्यांच्या आसपास असते. पाकिटातून तिकिटे निघाली ती डिंक आत घेऊन वळलेली. मी ती झाकण नसलेल्या एका पेटीत नुसती ठेवून दिली, हातही लावला नाही. दोन दिवसांत ती आपोआप सपाट झाली. जुलै लागला आणि त्यांतलीच काही तिकिटे दुसऱ्या बाजूला वाकू लागली. तिकिटे तीच, डिंक तोच. बदलली होती ती हवा.

छापखान्यांनाही ही अडचण जुनीच आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९३०च्या दशकात काही तिकिटांच्या डिंकावर बारीक जाळीसारखा ठसा उमटवला जात असे. डिंकाचा सलग थर असा जागोजागी तोडला, की त्याची कागदाला ओढण्याची ताकद कमी होते. आज संग्राहकांच्या सूच्यांत गुळगुळीत डिंकाची आणि जाळीच्या डिंकाची तिकिटे वेगवेगळी नोंदवलेली असतात. पूर्वी सर्रास वापरला जाणारा डिंक म्हणजे बाभळीच्या कुळातल्या झाडांचा. सुकल्यावर तो काचेसारखा ठिसूळ होतो. ब्रिटनने १९६८ मध्ये कृत्रिम डिंक वापरायला सुरुवात केली. आणि सिएरा लिओन या आफ्रिकी देशाने तर १९६४ मध्येच, स्टिकरसारखी सोलून लावायची तिकिटे काढली होती.

आपली बहुतेक तिकिटे १९२६ पासून नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली गेली. त्याआधी ती लंडनहून जहाजाने येत. नाशिकची हवा आमच्या खाडीकाठच्या हवेपेक्षा कोरडी. म्हणजे घाट उतरून कोपरखैरण्याला पोहोचेपर्यंतच तिकिटाच्या अंगातला ओलावा बदललेला असतो!

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या सेक्टरमधल्या एका काकूंचे यजमान वारले. त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या तिकिटांचे तीन अल्बम मागे राहिले. ऑगस्ट महिना होता. काकूंचा मुलगा अल्बम घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, ‘‘काका, बरीचशी वळली आहेत. आईच्या मनात ही नीट करून जपायची आहेत. इस्त्री अगदी मंद ठेवून फिरवली तर चालेल ना?’’

मी पाने उलटली. त्यांत १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेला महात्मा गांधींच्या चार तिकिटांचा संच होता. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. ही तिकिटे स्वित्झर्लंडच्या कुर्वोझिए छापखान्यात छापली होती. दहा रुपये म्हणजे तेव्हाचे १६० आणे. एवढ्या किमतीचे तिकीट हौसेखातर घेऊन ठेवणे सामान्य नोकरदाराला सोपे नव्हते. तेही वळलेले होते, पण मागचा मूळ डिंक शाबूत होता. त्यावर इस्त्री फिरली असती तर?

काय झाले असते, ते सांगतो. उष्णतेने कागद आणि डिंक दोन्ही एकदम कोरडे पडतात. डिंक आधी मऊ होतो, मग चकाकतो, कधी कागदालाच चिकटून बसतो. जुना डिंक तडकतो आणि ती भेग कागदात उतरते. तिकीट त्या क्षणी सपाट दिसेल, पण दोन दिवसांनी हवेतला ओलावा घेऊन पुन्हा वळेल. वळलेले तिकीट सरळ होऊ शकते, बिघडलेला डिंक परत येत नाही. आणि कोऱ्या तिकिटाची निम्मी पत त्याच्या मूळ डिंकात असते. इस्त्रीसारखाच केस वाळवायचा ड्रायरही वर्ज्य. सुरळी बोटांनी उलटी वाकवून ‘मोडून काढणे’ तर त्याहून वाईट.

मी त्याला म्हटले, ‘‘दिवाळीपर्यंत काहीही करू नकोस. तोवर फक्त तीन गोष्टी कर. अल्बम एकावर एक आडवे रचू नकोस, पुस्तकांसारखे उभे ठेव, नाहीतर दाबाने ओलसर डिंक पानाला चिकटेल. पावसाचे पाणी झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटात ते ठेवू नकोस. आणि पाऊस थांबून ऊन पडले, की पाने थोडा वेळ सावलीत उघडून वारा लागू दे.’’

डिसेंबरमध्ये आम्ही कामाला बसलो. आमच्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा यासाठी उत्तम काळ. दुपारी आर्द्रता ५० टक्क्यांच्या आगेमागे येते, आणि कागदाला तीच मानवते. बोटांऐवजी चिमटा वापरला. तिकिटे आधी दोन-तीन दिवस नुसती मोकळी ठेवली. सुरळी स्वतःहून सैल झाल्यावर ती गुळगुळीत ग्लासीन कागदात घातली. वर-खाली टीपकागद आणि त्यावर एक मध्यम जाड पुस्तक. दर तीन-चार दिवसांनी उघडून पाहिले. तीन आठवड्यांत बहुतेक तिकिटे सरळ झाली. दोन-तीन जराशी वाकडीच राहिली, ती आम्ही तशीच ठेवली. किंचित वाकलेले, पण अस्सल डिंकाचे तिकीट हे सपाट आणि बिघडलेल्या तिकिटापेक्षा केव्हाही चांगले.

परदेशात संग्राहक कोरड्या हवेत आखडलेले तिकीट बंद डब्यात, ओल्या स्पंजापासून दूर ठेवून सैल करतात. आपल्याला तो डबा घ्यावा लागत नाही. जून ते सप्टेंबर आपले घर तोच डबा असते! म्हणून पावसाळ्यात वजनाखाली तिकिटे कधीही दाबू नका. सिलिका जेलच्या पुड्या जरूर ठेवा, पण मोजक्याच. हवा फार कोरडी केली तर तिकीट दुसऱ्या बाजूला वळेल. आर्द्रतामापक काही फार महाग नसतो, तो कपाटात ठेवा. आकडा बरेच दिवस ६५-७० टक्क्यांच्या वर राहिला, तर वळण्यापेक्षा बुरशीची आणि तपकिरी डागांची काळजी करा. ते डाग सहसा जात नाहीत.

शिक्का मारलेल्या तिकिटांचे प्रकरण सोपे आहे. पाकिटाचा तुकडा थंड पाण्यात ठेवला की तिकीट सुटते. रंगीत पाकिटाचे तुकडे वेगळे भिजवा, रंग उतरतो. मागचा डिंक पुरता धुऊन निघाला पाहिजे, कारण उरलेला डिंकच पुढे तिकीट वळवतो. मग टीपकागदावर टिपून, जवळजवळ वाळत आले की जाड पुस्तकात ठेवा. भारतीय टपाल खात्याने २००६ मध्ये चंदनाच्या आणि २००७ मध्ये गुलाबाच्या वासाची तिकिटे काढली. ती मात्र भिजवू नका, वास धुऊन जाण्याचा धोका असतो.

मूळ डिंक जपा, या नियमालाही एक अपवाद आहे. १९३५ मध्ये जर्मनीत निघालेल्या ‘ऑस्ट्रोपा’ प्रदर्शनाच्या छोट्या पत्रकाच्या डिंकात गंधकाम्ल होते. तो डिंक कागदच खाऊन टाकू लागला, म्हणून अनेक जाणकारांनी तो धुऊन टाकला. पण असा निर्णय तिकीट ओळखून घ्यायचा असतो, घाबरून नव्हे.

तुमच्या घरातही वडिलांचा, आजोबांचा एखादा अल्बम असेल. या पावसाळ्यात त्याची पाने वळलेली दिसली तर इस्त्री शोधू नका, कॅलेंडर पाहा. हिवाळा लांब नसतो, आणि कागदाला थांबायची सवय असते.